माझं मत दोन फुटीला

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात इंदूरच्या रामबागेतलं आमचं जुनं घर रिकामं केलं. तिथे आता मल्टी होणार. माळ्यावरून काय काय निघालं ते सांगत नाही. ज्यांनी अशी घरं रिकामी केली आहेत त्यांना ती यादी पाठ असेल: बंब, पाटे, पाळण्याच्या कड्या, लग्नातल्या आहेराची न वापरलेली ताटं. आमच्याकडे एक जास्तीची गोष्ट होती. पुठ्ठ्याच्या खोळीत घातलेल्या नव्याकोऱ्या एकोणीस ट्यूब, आणि सुतळीने बांधून ठेवलेल्या गेलेल्या ट्यूब तीसेक.

आमच्या वडिलांचं, दादांचं, महाराणी रोडच्या बाजूच्या गल्लीत बिजलीच्या सामानाचं दुकान होतं. १९६० ला उघडलं, १९९८ ला बंद केलं. उरलेला माल घरी आला आणि माळ्यावर गेला. दादा २००९ मध्ये गेले. त्यानंतर त्या ट्यूबना कुणी हात लावला नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, कबाडीला देऊन टाकू, एका फेरीत काम होईल." शेजारचे म्हणाले, हल्ली जुन्या वस्तूंचे शौकीन असतात, ठेवा जपून. मी दोन्ही करणार नाही असं म्हटलं, आणि का ते सांगायलाच हे लिहायला बसलो. पण ट्यूबचा विषय निघाला की आमच्या घरात आधी एकच भांडण सुरू होतं, तेच पहिलं सांगतो. सगळ्यात चांगली ट्यूब कुठली?

तुम्ही हसाल. पण दादांच्या दुकानात संध्याकाळी हा वाद खरोखर व्हायचा. दादांचे एक मित्र मिलमध्ये बिजली खात्यात होते, आम्ही त्यांना मिलकाका म्हणायचो. पाळी संपली की सायकल दुकानाला टेकवून, शेवेची पुडी सोडून बसायचे.

दादांचं मत ठरलेलं. चार फुटी, चाळीस वॉट, दीड इंची जाड ट्यूब, तांब्याच्या चोकवर. त्यांच्या लेखी ट्यूब म्हणजे हीच, बाकीची तिची पोरंबाळं. ते हिशेब सांगायचे: शंभर वॉटचा पिवळा बल्ब तेराशेच्या आसपास लुमेन देतो, ही चाळीस वॉटमध्ये साधारण अडीच हजार देते. चोक खातो ते दहा-पंधरा वॉट धरले तरी निम्म्या खर्चात दुपटीच्या जवळ उजेड. शिवाय काही बिघडलं तर जे बिघडलं तेवढंच बदला. स्टार्टर गेला, स्टार्टर बदला. होल्डर सैल झाला, होल्डर बदला. चोक चांगला निघाला तर पंचवीस वर्षं तसाच गुणगुणत राहतो.

ती गुणगुण आठवते ना? रात्री सगळे निजले की बैठकीतून येणारी. मला तिच्याशिवाय अभ्यास सुचत नसे.

मिलकाकांना एकटी ट्यूब मान्यच नव्हती. "अरे, तू समजूनच नाही राहिला," असं दादांना म्हणायचे. एकटी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. आपल्या डोळ्याला कळत नाही, पण फिरत्या चाकाला कळतं. लेथचा चक ठरावीक वेगाने फिरत असला की अशा उजेडात तो थांबल्यासारखा दिसतो, आणि नवा पोरगा हात घालतो. म्हणून कारखान्यात डबल पट्टी हवी: दोन ट्यूब, दोन चोक, एका चोकला कंडेन्सर जोडलेला. म्हणजे एकीचा उजेड खाली येतो तेव्हा दुसरीचा वर असतो. काकांच्या लेखी हीच खरी ट्यूब. दादांचं उत्तर, "तुमच्या मिलमध्ये ठीक आहे, लोकांच्या घरात कोण लेथ चालवतोय?" मग काका चहा मागवायचे.

तिसरं मत गणपती-झांकीवाल्या पोरांचं. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघायच्या. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या गावी ही रात्रभर चालणारी दिव्यांची मिरवणूक जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे. आमच्याकडून ट्यूब भाड्याने जायच्या, त्यांवर लाल-हिरवा जिलेटिनचा कागद गुंडाळून बांबूला उभ्या बांधायच्या. त्या पोरांना जास्तीत जास्त लांब आणि जास्तीत जास्त संख्या हवी, वॉट-बिट कुणी विचारत नसे. शंभर गेल्या की नव्वद परत यायच्या. दादा दहा टक्के फूट आधीच भाड्यात धरायचे.

पुढे एक इंची आली, छत्तीस वॉटची. लोक तिला पतली ट्यूब म्हणायचे आणि सुरुवातीला घ्यायला तयार नसत. "भिया, मोटीवाली दो," असंच म्हणायचे. दादांना स्वतःलाही ती आवडली नव्हती, पण त्यांनी पैजेवर तीच जुन्या पट्टीत, त्याच चोक-स्टार्टरवर लावून दाखवली. चार वॉट कमी आणि उजेड तेवढाच. (ट्यूबची जाडी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. टी बारा म्हणजे दीड इंच, टी आठ म्हणजे एक इंच, टी पाच म्हणजे पाच अष्टमांश, आपली करंगळी.) टी पाच मात्र जुन्या पट्टीत बसत नाही. चार फुटाला थोडी आखूड आहे आणि तिला इलेक्ट्रॉनिक चोकच लागतो. उजेड सुंदर, पण ती आली तोवर दादांचं दुकान बंद झालं होतं. तिच्याच जातीतली नऊ इंची पिटुकली ट्यूब मात्र तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. २००० ते २००३ मध्ये मध्य प्रदेशात लाइट जायची तेव्हा घरोघरी जे इमर्जन्सी लॅम्प होते, त्यात तीच असायची. माझ्या धाकट्या मुलीचा पहिली-दुसरीचा अभ्यास तिच्यावर झाला.

गोल ट्यूबबद्दल काही लिहीत नाही. ती डॉक्टरांच्या दवाखान्यात शोभते.

आता माझं मत. दोन फुटी, वीस वॉट.

कारण सांगायचं तर घरातलीच एक गोष्ट सांगावी लागेल, आणि दादांवर थोडा आरोप येईल. आई समोर बसली आहे, तिला विचारूनच लिहितोय.

आमच्या घरात पहिली ट्यूब लागली ती अर्थातच बैठकीत. दुकानदाराचं घर, तेव्हा पाहुण्यांना दिसायलाच हवी. पांढरा शुभ्र उजेड, भिंतीला निळसर चुना, समोर दादांची खुर्ची. आळीतली माणसं संध्याकाळी उगाच येऊन बसायची. आत्याला पाहायला यायचे तेही त्याच ट्यूबखाली, आणि आत्या चिडायची. म्हणायची, "या उजेडात मी आजारी दिसते, त्यांना सकाळी बोलवा." तिचं बरोबर होतं. त्या काळच्या ट्यूबच्या भुकटीत तांबड्याचा भाग कमी असायचा. माणूस फिकट दिसायचं, कुंकू मातकट दिसायचं. क्लॉथ मार्केटमध्ये बायका साडी हातात घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत का यायच्या? उन्हात रंग पाहायला. तीन रंगांच्या भुकटीची ट्यूब फार नंतर आली. आत्याचं लग्न शेवटी सकाळच्या कार्यक्रमात ठरलं, हे नमूद करतो.

आणि स्वयंपाकघरात? चाळीसचा पिवळा बल्ब. तोही तेलकट, धुराने तपकिरी झालेला. उभं राहिलं की आपलीच सावली ओट्यावर पडायची. दुकानात शंभर ट्यूब, घरी बैठकीत ट्यूब, पुढे माडीवर ट्यूब, जिन्यात ट्यूब. स्वयंपाकघरात बल्ब. दादांच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही, मी तेव्हा चौदा वर्षांचा घोडा होतो. आई मागत नव्हती, म्हणून कुणी दिली नाही.

१९७६ च्या श्रावणात एका संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं. बल्ब निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. आई भात वेळत होती. झाकण सरकलं, ते तिला दिसलं नाही, आणि कढत पेज डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत गेली. आवाजसुद्धा केला नाही तिने. बाहेर दोन पाहुणे बसले होते. ट्यूबखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दुकानात गेले आणि तासाभरात परत आले. हातात दोन फुटी पट्टी. चार फुटी लावली असती, पण फडताळ आणि खिडकी यांच्यामध्ये तेवढी भिंतच नव्हती. स्वतः स्टुलावर चढून लावली, कारागिराला पाठवलं नाही. बटण दाबलं. दोनदा डोळे मिचकावले आणि लागली. आईच्या हाताला पट्टी बांधलेली. तिने एकदा छताकडे पाहिलं, एकदा मांडणीकडे, आणि म्हणाली, "अगंबाई, भांडी एवढी काळी होती होय." दादा काही बोलले नाहीत. स्टूल उचलून बाहेर गेले.

म्हणून दोन फुटी. बाकी कारणंही आहेत, ती तांत्रिक आहेत पण खोटी नाहीत. दोन फुटीला जळत राहायला व्होल्टेज चार फुटीच्या निम्मंच लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळी बैठकीतली ट्यूब नुसती फडफडत असायची तेव्हा स्वयंपाकघरातली शांतपणे लागलेली असायची. आम्ही वह्या घेऊन तिथेच जायचो. घरातली माणसं अशी पहिल्यांदा आईच्या खोलीत बसायला लागली. दुसरं, चार फुटीच्या एका चोकवर दोन दोन फुटी एकामागे एक जोडता येतात, फक्त स्टार्टर त्या जातीचे हवेत. दादा पानवाल्यांच्या काचेच्या कपाटात तसंच करायचे. तिसरं, ती देवघरात मावते, मोरीबाहेर मावते, जिन्याच्या वळणावर मावते. आपल्या घरांतल्या ज्या जागा कुणी पाहायला येत नाही तिथे मावते.

नव्या पिढीला एक सांगायचं राहिलं. ज्याला विनोद उशिरा कळतो त्याला 'ट्यूबलाइट' का म्हणतात हे माझ्या नातवाला कळत नाही, कारण त्याच्या घरातला दिवा बटणासरशी लागतो. बाळा, आधी स्टार्टरमधली पत्ती तापायची, वाकायची, ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा गरम व्हायच्या, मग पत्ती सुटायची, आणि चोक जोराचा झटका द्यायचा. लागली तर लागली, नाही तर परत पहिल्यापासून. थंडीत आणि कमी व्होल्टेजला पाच-सहा वेळा. त्यात काही लाजण्यासारखं नव्हतं.

असो. आता माळ्यावरच्या ट्यूबांकडे येतो, कारण खरं लिहायचं ते हे आहे.

ट्यूबच्या आत पारा असतो. काही मिलिग्रॅमच, जुन्या जाड ट्यूबमध्ये नव्यांपेक्षा बराच जास्त. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की न दिसणारा अतिनील प्रकाश निघतो, तो काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर पडतो आणि भुकटी उजळते. पारा नसेल तर ट्यूब नाही. आणि ट्यूब फुटली की तो पारा वाफ होऊन, भुकटीला चिकटून बाहेर येतो.

आता आम्ही काय करायचो ते ऐका. संक्रांतीच्या आधी मांजा सुतायला काच लागायची. बाटलीची काच जाड, कुटता कुटत नाही. ट्यूबची काच पातळ, दोन घावांत पीठ. दुकानदाराच्या पोराकडे गेलेल्या ट्यूबना काय तोटा! सगळ्या आळीला काच मी पुरवायचो. मागच्या अंगणात आईचा लोखंडी खलबत्ता चोरून आणायचा, ट्यूब गोणपाटात फोडायची, कुटायची, फडक्यातून गाळायची. सरसमध्ये कालवून दोऱ्याला बोटांनी लावायची. पांढरा धूर उडायचा, आम्हाला मजा वाटायची. खलबत्ता राखेने घासून परत जागेवर. हे मी आईला परवा, पन्नासेक वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "तरीच एका वर्षी दाण्याच्या चटणीत कचकच होती. मला वाटलं मीठ जाडं राहिलं."

आम्ही हसलो. पण रात्री मला झोप लागली नाही. आम्हाला दिसण्यासारखं काही झालं नाही, हे खरं. म्हणून ते बरोबर होतं असं नाही.

आणि हे फक्त जुन्या काळातलं नाही. कबाडी ट्यूब घेतो तो दोन्ही टोकांच्या टोप्यांच्या धातूसाठी. काच तिथेच फोडतो, आणि फोडायला बहुतेक लहान पोरगं असतं, त्याला तो आवाज आवडतो. मिरवणुकीत अखाड्याची पोरं छातीवर, पाठीवर ट्यूब फोडून घेतात, आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत. रक्त दिसतं, पारा दिसत नाही.

म्हणून आमच्या ट्यूब कबाडीला दिल्या नाहीत. कायद्याने त्या ई-कचऱ्यात येतात, २०१६ च्या नियमांपासूनच. इंदूरच्या मंडळींना तर सबबच नाही. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेणारं गाव आपलं, गाडीला घातक कचऱ्याचा डबा वेगळा असतो. फक्त ट्यूब डब्यात कोंबू नका, फुटेल. आदल्या दिवशी गाडीवाल्या भियाशी बोला, मूळ खोळीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून, चार-चार बांधून, अख्ख्या हातात द्या. आम्ही तीसच्या तीस गेलेल्या अशाच दिल्या, एक फुटली नाही. ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, तुमच्याकडे काय व्यवस्था आहे ते तिथल्यांनी खाली लिहा, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. घरात चुकून फुटलीच तर खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, झाडूने झाडू नका, पुठ्ठ्याने गोळा करा आणि शेवटी ओल्या कागदाने पुसून घ्या.

नव्या एकोणीसांचं काय? त्या लावून वापरा म्हणणारे भेटतील. चाळीस वॉट अधिक चोक, पंचावन्न धरा. रोज सहा तास जळली तर वर्षाला एकशेवीस युनिट. वीस वॉटची एलईडी चव्वेचाळीसमध्ये काम करते. दादा आज असते तर हा हिशेब त्यांनीच पहिला मांडला असता, आणि बल्बवाल्यांना जसं ऐकवलं तसं ट्यूबवाल्यांना ऐकवलं असतं. तेव्हा घरभर एलईडी लावा, मीही लावली आहे. माझी तक्रार एवढीच, की ती बिघडली की सगळीच फेकावी लागते. दहा रुपयांचा स्टार्टर बदलून काम भागणं गेलं. आमच्या नव्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांत दोन बदलल्या. आत नेमकं काय गेलं ते कुणीच सांगितलं नाही.

शिवाय ट्यूबचा शेवट ठरलेलाच आहे. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार आहे, भारत २०१८ पासून त्यात सामील आहे. २०२३ मध्ये जिनिव्हाला त्या देशांनी ठरवलं, की २०२७ पर्यंत अशा ट्यूब बनवणं आणि देशोदेशी पाठवणं बंद करायचं. युरोपात तर २०२३ मध्येच बंद झाल्या. अमेरिकेत १९३८ ला दुकानात आलेली वस्तू, नव्वद वर्षांच्या आत संपणार. ठरलं ते योग्यच ठरलं असं मला वाटतं. ट्यूबवर पोट भरलेल्या घरातला माणूस हे म्हणतोय.

एकोणीसातल्या सोळा चार फुटी होत्या. त्या एका आयटीआयमधल्या ओळखीच्या मास्तरांना दिल्या, पोरांना जुनी जोडणी शिकवायला. चोक आणि पट्ट्याही दिल्या. दादांची आवडती ट्यूब शिकणाऱ्या हातात गेली, तेवढं बरं वाटलं.

राहिल्या तीन दोन फुटी. त्या कुणाला दिल्या नाहीत.

घर सोडायच्या दिवशी मी स्वयंपाकघरातली पट्टी उतरवली. दादांनी ठोकलेले खिळे निघेनात, भिंतीचा पोपडाच सुटून आला. चोक तोच, १९७६ चा. ट्यूब अर्थात अनेकदा बदललेली. मुलगा म्हणाला, "बाबा, एक तरी एलईडीची लावा ना त्यात." मी ऐकलं नाही. नव्या फ्लॅटमध्ये ओट्यावर, खिडकीच्या बाजूला लावली. सत्त्याऐंशी वर्षांची आई आता स्वयंपाक करत नाही, पण संध्याकाळी खुर्ची ओढून तिथेच भाजी निवडत बसते. बटण तीच लावते. ट्यूब दोनदा डोळे मिचकावते, आणि तिसऱ्यांदा लागली की आई म्हणते, "हं."

जादा स्टार्टर चार घेऊन ठेवले आहेत.